एडिसनहून, निघण्यापूर्वी

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर बाबा एकदम गप्प झाले, तेव्हाच कळलं. म्हणून लिहिते आहे. फोनवर मी आधी भांडते आणि मग रडते.

घरमालकाला नोटीस दिली, तिकिटंही काढली. १ ऑगस्टपासून अमेरिका सोडून जर्मनीत, स्टुटगार्टला. म्हणजे विचारत नाहीये, सांगतेय. आधी विचारायला हवं होतं, मान्य.

बाबा, जर्मनीत कर ४२ टक्के, हा तुमचा आकडा बरोबर आहे. पण अर्ध्या बँकेचे टॅक्सचे फॉर्म तुम्ही भरून द्यायचात, तुम्हाला मी स्लॅब काय समजावणार? तो दर फक्त वरच्या तुकड्याला. तरी कर, पेन्शन, आरोग्यविमा सगळं जाऊन तिथे शंभरातले बासष्ट हातात येतील. इथे विमा सोडून बहात्तर येतात. दुकानात १९ टक्के कर वेगळा, किराण्याच्या बहुतेक जिनसांवर ७. पगारही मुळात कमीच. तोटा आहे, लपवत नाही.

पण मागच्या मार्चची एक गोष्ट लपवली होती. तुमच्या जावयांची नोकरी गेली तेव्हा "सगळं ठीक आहे" म्हणाले होते ना? विमा त्या महिन्याच्या शेवटी संपला. मग जुनाच विमा स्वतःच्या पैशांनी चालू ठेवायचा. त्या सोयीचं नाव खरंच कोब्रा आहे. कंपनी भरायची तो वाटाही आपण भरायचा, वर दोन टक्के. आम्हाला महिन्याला २,१०० डॉलर पडत होते. त्यातच एका रात्री दोन वाजता चिनूला श्वास घेता येईना. मी अॅम्ब्युलन्सला फोन करायला घेतला आणि हे म्हणाले, "थांब, मी गाडी काढतो." बिल कितीचं येईल, याची भीती. मागच्या सीटवर तिला उभी धरून मी वीस मिनिटं तिचे श्वास मोजले. पोर बरी झाली. बिल २,८६० डॉलर, कारण पहिले ३,००० आपलेच, विमा त्याच्यानंतर. पैसे गेले त्याचं काही नाही. "थांब" म्हटल्यावर मी थांबले, ते मात्र जात नाही. नाशिकरोडच्या त्या वर्षाबद्दल मी लिहीत नाही, पण बाबा, तुम्हाला कळेल.

जर्मनीत आरोग्यविम्याचा हप्ता पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडा जादा; निम्मा कंपनी भरते. चिनू त्यातच, तिचा वेगळा पैसा नाही. दवाखान्यात राहावं लागलं तर मोठ्या माणसाला दिवसाला १० युरो, तेही वर्षाला २८ दिवसांपुरतेच.

आता आईचं. इथे सहा महिने राहायचीस, तिथे व्हिजिटर व्हिसावर १८० दिवसांत ९०च. हे मला सगळ्यात जड गेलं. पण मुंबईहून फ्रँकफर्ट एका झोपेत येतं, मध्ये विमान बदलायला नको. घर मुद्दाम तळमजल्याचं बघितलंय, तुझ्या गुडघ्यांसाठी. ज्वारीचं पीठ मिळतं, चौकशी केली. खिडकीत उन्हाची जागा आहे, तिथे तुझी खुर्ची. तिच्याशेजारी खाली बसून मी वेणी घालून घेणार आहे, चाळिशी आली तरी.

बाबा, सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड या आठवड्यात काढा. पाच लाखांचं आहे, उत्पन्नाची अट नाही, आधार न्या. "आपल्याला कशाला" नको. आई, बीपीची गोळी अर्धी करून पुरवतेस हे मला मावशीकडून कळलंय. पूर्ण घ्यायची. तिच्यावर रागवू नकोस.

वाचून झालं की फोन करा. बाबांनीच करायचा, आईला पुढे करायचं नाही.

तुमची,
मनू