वांगी रंगाचं लुगडं आणि कोरी खादी

आर्वीजवळून,
डिसेंबर

प्रिय चिमे,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लांबलं, कारण रोज वाटायचं, गोधडी पुरी करू आणि मगच लिहू. काल रात्री शेवटचा टाका घातला. इकडे वेचणी संपत आलीय आणि पहाटेची थंडी अशी, की गाईच्या पाठीवरही पोतं टाकावं लागतं.

सुरुवात झाली सासूबाईंच्या जुन्या लुगड्यापासून. वांगी रंगाचं, नऊवारी, नेसून नेसून लोण्यासारखं मऊ झालेलं. जोडीला कापड घ्यायला वर्ध्याला गेले, तेव्हा लुगड्याचा तुकडा पिशवीतच होता. आधी गर्द हिरवं फुलाफुलांचं आवडलं होतं. पण दोन्ही शेजारी ठेवून डोळे अर्धवट मिटले, तर दोन्ही एकच काळपट ढीग! मग पांढरी खादी घेतली. रंग वेगळा असून भागत नाही, एक गडद आणि एक फिकं लागतं.

खादी कापायला बसले तर सासूबाई दारातूनच, "माय वं! चांगल्या कापडाच्या चिंध्या काऊन करून राहिली? घरात चिंध्या कमी हायेत का?" खोटं काय त्यात? त्यांच्या गोधड्या कापड फाटलं म्हणून व्हायच्या. गोधडीसाठी कापड विकत आणणारी मी त्यांच्या घरातली पहिलीच.

हिशेब अगदी सोपा. ९ इंचांचे चौकोन कापायचे, चारही बाजूंनी अर्धा इंच शिलाईत गेला की ८ इंच उरतात. रुंदीत ७, लांबीत ९, म्हणजे ६३ चौकोन आणि ५६ बाय ७२ इंचांची गोधडी. एक आड एक लावले की चारही कोपऱ्यांत एकच रंग येतो. कोपरे मी वांगी ठेवले, म्हणून वांगी ३२ आणि पांढरे ३१. खादी कात्रीनं जरा चिरून हातानं फाडली, धाग्याला धरून सरळ फाटते. लुगडं मात्र फाडायला गेले तर भलतीकडेच गेलं. ते पुठ्ठ्याचा चौकोन ठेवून कात्रीनंच कापलं, तेही पदराकडचं. मधला, बसून झिजलेला भाग उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती.

जुनं आणि नवं एकत्र शिवायचं तर नव्याला आधी धुवायलाच हवं. खादी तीन वेळा गरम पाण्यातून काढली. नाहीतर गोधडीच्या पहिल्याच धुण्यात ती आटली असती आणि जुन्या लुगड्याला ओढून शिवणीवर फाडलं असतं. लुगड्याचा रंग जातो का, तेही ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहिलं. इतक्या वर्षांत जायचा तो जाऊन चुकला होता.

आता माझी फजिती ऐक. निम्म्या ओळी मी शिवल्या, निम्म्या जाऊबाईंनी. उभ्या ओळी, नऊ-नऊ चौकोनांच्या. शेजारी मांडल्या तर त्यांच्या ओळी दोन इंच तोकड्या! मशीन तेच, पण त्यांची शिलाई एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत होती. एक सूत दोन्ही तुकड्यांचं जातं, म्हणजे दर शिवणीला पाव इंच, आणि शिवणी आठ. दोन दिवस उसवण्यात गेले. जाऊबाई हसत होत्या, मला काही हसू येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र फार सुरेख जमली. शिवणीची घडी नेहमी गडद रंगाकडे मोडून इस्त्री करायची, म्हणजे पांढऱ्याखालून वांगी रंग डोकावत नाही. आणि चौकोन एक आड एक असल्यानं शेजारच्या ओळींच्या घड्या आपोआप उलट दिशेला जातात, एकमेकींत बसतात. कोपऱ्याला कोपरा भिडतो. पहिला असा जोड लागला तेव्हा मी उठून सगळ्यांना दाखवून आले.

खाली जुनी चादर आणि मधे सासऱ्यांच्या धोतराचे दोन थर घातले. मी म्हणत होते, मधून बाहेर शिवत जाऊ, चुण्या बाहेर निघतील. सासूबाईंचा हात कडेपासून गोल गोल आत जाणारा. शेवटी मधून बाहेर कच्चे टाके मी घातले आणि वर धावदोरा त्यांनी, त्यांच्याच पद्धतीनं. "हात फिरवत जाय, मंग टाका टाक," एवढंच सांगायच्या. माझे टाके मोठे पडले तिथं त्यांनी मला न विचारता उसवले, हे मला सकाळी कळलं. कडेला लुगड्याचाच काठ दुमडून लावलाय. मधोमध एक चुणी राहिलीच, ती कोणाची यावर अजून वाद आहे.

निम्मं लुगडं शिल्लक आहे. त्यात तुझ्यासाठी एक करायची म्हणते. काकूंचं एखादं फिकं पातळ असेल तर पाठव, पण मधलं नको, पदराकडचं पाठव.

तुझी,
सखी