प्लेटलेट्स घटल्या, पण कशामुळे?

मा. संपादक,
स. न.

पावसाळा लागला की 'प्लेटलेट्सची तातडीने गरज' असे निरोप मोबाइलवर फिरू लागतात. मी तीस वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले. प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. एका घन मिलिमीटर रक्तातला त्यांचा आकडा दीड लाखाच्या खाली गेला की नातेवाईक आधी प्लेटलेट्सची पिशवी शोधायला धावतात. (गावाकडे 'पांढऱ्या पेशी घटल्या' म्हणतात, त्या पेशी वेगळ्या.) पण आयसीयूतल्या रुग्णाच्या बाबतीत आधी कारण शोधायला हवे.

एका रात्रपाळीत मशीनने 18,000 दाखवले. इतक्या कमी आकड्याला रक्तस्रावाची खूण दिसायला हवी, पण रुग्णाच्या अंगावर लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही. मी काचपट्टीवर रक्त ओढून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर रक्ताचा थर जिथे पातळ होत संपतो त्या शेपटीच्या कडेला प्लेटलेट्सचे घोसच्या घोस! जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असते, त्यामुळे त्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि मशीनला मोजता आल्या नव्हत्या. सायट्रेट हे दुसरे रसायन असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतले, आकडा दीड लाखाच्या वर आला. पिशवी मागवून झाली होती, ती थांबवली.

आकडा खरा असेल तर आयसीयूत बहुतेकदा मागे सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने शरीरभर उठलेली जीवघेणी प्रतिक्रिया, असतो. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), चिगर किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस हे तापही असतात. पण माझ्या थोरल्या जाऊबाईंचे खुब्याचे ऑपरेशन झाले आणि सातव्या दिवशी प्लेटलेट्स निम्म्याहून खाली आल्या, तेव्हा सगळे 'डेंग्यूच' म्हणत राहिले. पिशव्या चढवल्या. दोन दिवसांनी पाय सुजून टम्म झाला, शिरेत गुठळी होती. रक्त पातळ ठेवायला दिलेले हेपारिनच कारण होते! हेपारिन सुरू केल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान असे होऊ शकते. यात रक्तस्रावापेक्षा गुठळ्यांची भीती मोठी. हेपारिन पूर्ण बंद करून गुठळ्या रोखणारे दुसरे औषध द्यावे लागते. औषधांचा कागद तारखेसकट कुणी वाचला असता तर दोन दिवस वाचले असते.

टीटीपी, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत जागोजागी गुठळ्या होऊन प्लेटलेट्स संपवणारा आजार, तर याहून घातक. काचपट्टीवर तांबड्या पेशींचे तुकडे दिसतात, आणि वेळेत प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) बदलला नाही तर दहातले नऊ रुग्ण जातात.

मशीनने एक लाखाखालचा आकडा दिला की काचपट्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रिपोर्टवर सही होऊ नये, एवढे प्रत्येक प्रयोगशाळेने पाळावे. रात्रपाळीतसुद्धा.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज