गाडी चढवू नका, जमीन उतरवा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या छोट्या मॉडेल रेल्वेचा नकाशा मिळाला. आठाच्या आकड्यात फिरणारा रूळ, मध्ये पूल आणि पुलाखालून तोच रूळ. कागदावर देखणा दिसतो, पण १२० बाय ७५ सेंटीमीटरच्या फळीवर तो होणार नाही. का ते आधी आकड्यांत सांगते, म्हणजे तुम्ही रुसणार नाही.

तुमची गाडी एन स्केलची, म्हणजे १:१६०, खऱ्या गाडीच्या एकशेसाठाव्या भागाएवढी, आणि दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. वळणाची त्रिज्या २८.२ सेंटीमीटर धरली तर काटकोनात छेदणाऱ्या आठाला १३६ सेंटीमीटर लांबी लागते. म्हणजे आकडा लांबीतच बसत नाही. समजा मोठी फळी आणली. वरची गाडी खालच्या गाडीवरून जायला एका रुळापासून दुसऱ्या रुळापर्यंत ५ सेंटीमीटर उंची हवी. खऱ्या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे आणि तिथेही मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. त्याच चढाने ५ सेंटीमीटर वर जायला १८५ सेंटीमीटर रूळ लागतो. आठाच्या अर्ध्या फेरीत १८९ मिळतात. म्हणजे स्टेशनला सपाट जागा नाही, चढ सुरू होताना आणि संपताना जो हळूहळू बदलणारा उतार द्यावा लागतो त्याला जागा नाही, आणि बहुतेक चढ वळणावर, जिथे चाकं आधीच घासतात. सहा डब्यांची गाडी तिथे जागच्या जागी चाकं फिरवत बसेल. मागे दुसरं इंजिन लावायचा मोह होईल, तोही आवरा. साध्या डीसी विजेवर दोन इंजिनांचा वेग जुळला नाही तर मागचं पुढच्याला ढकलून मधले डबे वळणावर पाडतं.

म्हणून रूळ सपाटच ठेवा आणि जमीन खाली न्या. बघणाऱ्याच्या डोळ्याला घाट दिसतो तो गाडी चढते म्हणून नाही, तर रुळाखाली दरी आहे म्हणून.

करायचं असं. १२ मिलिमीटरचा प्लाय घ्या, पण दुकानदाराला ‘बीडब्ल्यूपी, आयएस ७१०’ असंच सांगा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. साधा कमर्शियल प्लाय पावसाळ्यात केळीच्या पानासारखा वळतो. दोन्ही बाजूंना आणि कडांना ऑइलपेंटचा हात द्या. एकाच बाजूला रंग लावला तर दुसरी बाजू ओल धरते आणि फळी आणखीच वाकते. खाली दोन इंची पट्ट्यांची चौकट, आडव्या पट्ट्या ४० सेंटीमीटरवर. वर ५० मिलिमीटर जाडीच्या एक्सपीएस बोर्डचे दोन थर. छताला उष्णतारोधनासाठी लावतात तोच हा फिका रंगीत, घट्ट बोर्ड. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसाही त्याचे मणी घरभर उडून इंजिनाच्या दातेरी चाकांत जातात. चिकटवायला पांढरा फेविकॉलच. चपलांना लावतात तो पिवळा सोल्युशन बोर्ड वितळवतो, स्प्रे पेंटही. पांढरा फेविकॉल दोन थरांमध्ये हवेअभावी सावकाश सुकतो, तेव्हा वजन ठेवून दोन दिवस हात लावू नका.

या दोन थरांमुळे १० सेंटीमीटर खोली मिळते. १:१६० ने ती १६ मीटरची दरी झाली.

रूळ काटो या जपानी कंपनीचे युनिट्रॅक घ्या, खडीचा प्लॅस्टिकचा तळ त्यांना जोडूनच येतो. २८२ मिलिमीटर त्रिज्येचे ४५ अंशांचे आठ तुकडे आणि २४८ मिलिमीटरचे चार सरळ. एवढ्यात लंबगोल पुरा होतो, बाहेरचं माप सुमारे १०९ बाय ५९. तो फळीच्या मधोमध ठेवू नका. मागे ५ सेंटीमीटर सोडून बाकीची जागा पुढे घ्या, दरी पुढच्या काठावर उघडली तरच दिसते. पुढच्या एका सरळ तुकड्याखाली २० सेंटीमीटर रुंदीची दरी कापा. पुलासाठी ६ मिलिमीटर प्लायची ४ सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर लांब पट्टी, दोन्हीकडे ५ सेंटीमीटर बोर्डात खाच करून बसवलेली. म्हणजे वरचा तुकडा अखंड राहतो आणि पुलावर सांधा येत नाही. दगडी कमानी माउंटबोर्डच्या, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या, नुसत्या दाखवायला, भार पट्टीवर. फाटा-बिटा पुढच्या वर्षी बघू.

विजेचं नीट ऐका. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर पुरतो, इंजिन सहसा त्याच्या पावपटही खात नाही. दोन अँपिअरचा ‘जरा जास्त बरा’ म्हणून आणू नका. डबा घसरून दोन्ही रूळ जोडले गेले की तो सगळा प्रवाह एका बारीक चाकातून जातो आणि प्लॅस्टिक मऊ पडतं. अ‍ॅडॅप्टर आणि गाडीचा वेग बदलणारा कंट्रोलर यांच्यामध्ये स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा दिवा एकसर जोडणीत (सिरीजमध्ये) घाला. गाडी नीट चालत असताना तो विझलेला किंवा मंद असतो, शॉर्ट झालं की झगझगीत पेटतो आणि प्रवाह ०.८ अँपिअरच्या आसपास अडवतो. फ्यूजसारखा बदलावा लागत नाही. रुळांना वीज एकाच जागी दिली की लांबच्या टोकाला गाडी मंदावते. दोष इंजिनाचा नसतो, रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या क्लिपांचा असतो. समोरासमोर दोन ठिकाणी वायर द्या. आतल्या रुळाला निळी आणि बाहेरच्याला पांढरी, दोन्हीकडे तशीच. एकीकडे उलट झाली तर दिवा लगेच चुगली करेल.

बोगदा मागच्या कोपऱ्यात, वळणावर येईल. एलएचबी, म्हणजे आपल्या रेल्वेचा नव्या पद्धतीचा लांब डबा १:१६० ला जवळजवळ १४७ मिलिमीटर होतो. एवढा डबा या वळणावर मध्ये आतल्या बाजूला ४ आणि टोकांना बाहेर ६ मिलिमीटर सरकतो. तोंड ४५ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको. डोंगराला मागून हात जाईल एवढं, १५ सेंटीमीटरचं भोक हवंच, कारण गाडी घसरली की ती बोगद्यातच अडकते. वर डोंगर चढवण्याआधी आतले रूळ पुसून, शंभर फेऱ्या मारून बघा. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा. पॉलिश पेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ साचतो.

आई, डोंगर तुझा. तुझा हात हलका आहे आणि बाबांना हिरवा रंग आवरत नाही. आपले घाटातले कडे थराथराचे असतात, काळ्या पाषाणाच्या आडव्या पायऱ्या. सुरीने कापताना त्या पायऱ्या दरीच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर ठेव, नाहीतर डोंगर केकसारखा दिसतो. वर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गॉजच्या पट्ट्या. भांड्यात आधी पाणी घे, मग वरून प्लास्टर भुरभुरव, दोन भाग प्लास्टरला एक भाग पाणी. उलट केलंस तर गुठळ्या. रंग राखाडी दे, त्यावर अगदी पाणीदार काळा ओत आणि कपड्याने टिप. काळा भेगांत उरतो, उंचवट्यावर राखाडी दिसतो.

मातीसाठी चहाचा चोथा. तीनदा धुऊन साखर-दूध पूर्ण काढ, उन्हात वाळव, मग कोरड्या कढईत मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परत. ओलसर राहिला तर श्रावणात डोंगरावर बुरशी येईल. चाळून जाड वेगळा, बारीक वेगळा. बसवायला एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर थेंब चोथ्यावर मण्यासारखा फिरत राहतो, आत शिरत नाही. ड्रॉपरने सोड, ब्रश लावू नकोस. धबधब्याला पारदर्शक सिलिकॉन पॉलिथिनवर उभ्या रेघांत ओढून एक दिवस ठेव, मग सोलून कड्यावर लाव. ओलं असताना व्हिनेगरसारखा वास मारतं, खिडकी उघडी ठेव.

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. सुरी हातात घेण्याआधी दोघं एकदा जाऊन या.

आणि बाबा, तुमच्याकडचा सर्वांत लांब डबा एका कपलरपासून (डबे जोडायच्या आकड्यापासून) दुसऱ्या कपलरपर्यंत मोजा, मिलिमीटरमध्ये, आणि कळवा. त्यावरून बोगद्याच्या तोंडाचा पुठ्ठा कापून पाठवते.

तुमची,
धाकटी