बॅटरी धरणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुम्ही एक अंगठा पाठवून विषय संपवला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि सात वर्षं गॅरेजमध्ये खपून मी एक दोन आसनी आरव्ही-९ए विमान बांधलं. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असेल तर इथला कायदा त्याला परवानगी देतो. मात्र चाचणी-उड्डाणांचे ४० तास काढेपर्यंत प्रवासी घ्यायला मनाई. त्यातल्या अकराव्या तासाला माझा थ्रॉटल, म्हणजे केबलीनं इंजिनाचा जोर कमीजास्त करायची मूठ, आवळायला लागला. उतरताना इंजिनाचा जोर किंचित कमी करायचा, तर काळी मूठ हलेचना. आणि ताकद लावली की एकदम इंचभर बाहेर. जमीन तीनशे फुटांवर असताना असं झालं की तोंडाला कोरड पडते.

पहिला मेकॅनिक म्हणाला, सगळ्या केबली अशाच असतात. हे ऐकायचेही पैसे घेतले. दुसऱ्यानं हँगरमध्ये मूठ दोनदा आतबाहेर केली, ‘चालतंय की’ म्हणाला आणि घरी बांधलेल्या विमानाकडे असं बघितलं, जणू मी पत्र्याची पेटी आणून उभी केली होती. तिसऱ्याला कार्ब्युरेटरच बदलायचा होता. मीही काही कमी नाही. बाबांच्या चेतकची क्लच वायर आठवून, कागदाचा कोन करून केबलमध्ये तेल सोडून बसलो होतो. आत टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या केबलला तेल लागत नाही, उलट ते धूळ धरतं, हे पुढे तुम्ही सांगितलंत. सांगताना हसला नाहीत.

आपली भेट मंडळाच्या कोजागरीची. तुम्ही ओझरला मिग विमानांवर हात काळे करण्यात आयुष्य घालवलेले, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आणि टीव्हीसमोर कंटाळलेले. मी रडगाणं सुरू केलं तसा दुधाचा पेला खाली ठेवून तुम्ही विचारलंत, ‘‘गार असताना आवळते, की तापल्यावर?’’

तीन महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं!

इंजिन तापवून, कार्ब्युरेटरकडचं टोक सोडवून बघितलं. तिकडची दांडी लोण्यासारखी फिरत होती, म्हणजे दोष केबलचाच. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या पुढे, एक्झॉस्टच्या पाइपाजवळ मीच कचकचून आवळलेला एक क्लॅम्प निघाला. तापलं की आतलं अस्तर मऊ पडायचं आणि क्लॅम्प ते चेपायचा. गार झालं की पुन्हा सगळं साळसूद. हँगरमध्ये कुणाला काय दिसणार?

पण पत्र त्यासाठी नाही. मी पाना तुमच्यापुढे केला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘‘तुझ्याकडेच राहू दे. लॉगबुकात सही तुझी असणार.’’ आणि बॅटरी उचललीत. उलट्या बादलीवर बसून, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, दीड तास नुसती बॅटरी धरलीत. माझा हात जायच्या आधी उजेड तिथं पोचलेला असायचा. लहानपणी बाबांसाठी मी बॅटरी धरायचो आणि ‘अरे, कुठं दाखवतोयस?’ म्हणून टपली खायचो. उजेड कुठं पडायला हवा हे काम येणाऱ्यालाच कळतं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी समजलं. काम येणारी माणसं खूप भेटली, काका. समोरच्याला बावळट न ठरवणारी फार थोडी. त्या दीड तासात एकदाही तुम्ही ‘दे इकडे’ म्हणाला नाहीत. माझे बाबासुद्धा म्हणाले असते.

नवी केबल पाइपापासून लांबून, मोठं वळण देऊन नेली. शेवटची स्प्लिट पिन माझ्याकडूनच वाकवून घेतलीत, बोटानं चाचपलीत आणि फक्त ‘हं’ म्हणालात. त्या ‘हं’वर मी उरलेले तास उडवले. परवा चाळिसावा तास झाला. उजवी सीट आता रिकामी ठेवावी लागत नाही, आणि तुम्ही नाशकात!

जाताना जुन्या केबलचा तो चेपलेला तुकडा तुम्ही मागून घेतलात, कट्ट्यावरच्या मित्रांना दाखवायला. मुंबईला कस्टमवाल्यांनी विचारलं का हो, हे काय म्हणून?

तुमचा,
हँगरमधला पोरगा