सूचना : परदेश प्रवासात मुलांचा विमा

बडोदे येथील आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, उन्हाळी सुट्टीत मुलांसह परदेशी जाणाऱ्या कुटुंबांनी विमा पॉलिसी केवळ हप्ता पाहून निवडू नये. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच सामायिक व्हिसासाठी) किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते आणि ही अट लहान मुलांनाही लागू आहे. अमेरिकेतील रुग्णालयांचा खर्च पाहता तेथे मात्र एवढी रक्कम अपुरीच ठरेल.

मुलाला दमा, फिट्स किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असल्यास प्रस्ताव अर्जात ती स्पष्ट लिहावी, कारण लपविलेल्या आजाराचे कारण देऊन दावा नाकारला जाऊ शकतो. तान्ह्या बाळासाठी किमान वयाची अट आधी पाहावी. मूल रुग्णालयात असताना सोबतच्या पालकाच्या राहण्याचा खर्च आणि पालकच आजारी पडल्यास मुलाला भारतात परत पाठविण्याची सोय, ही दोन कलमे बहुतेक जण वाचतच नाहीत; आमच्या मते ती सर्वांत आधी वाचावीत. बडोद्याहून अहमदाबाद किंवा मुंबईच्या विमानतळापर्यंतचा प्रवास पॉलिसीत येतो का, हेही विचारून घ्यावे.

पॉलिसी भारत सोडण्यापूर्वीच घ्यावी आणि तिची छापील प्रत सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावी.

– कार्यवाह