टॅप केलं की सोडायचं

मा. संपादक, स.न.वि.वि.

ब्राझिलियन जिउ-जित्सूचे, म्हणजे जमिनीवर पकडून, सांधे पिरगाळून किंवा गळा आवळून हरवायच्या कुस्तीसारख्या खेळाचे, क्लास आता आपल्याकडेही निघालेत, चांगलंच आहे, मी पण आठ महिने जातोय, पण एक गोष्ट मनापासून सांगायचीय. मागच्या महिन्यात रोलिंगला म्हणजे सरावाच्या लढतीत एका जुन्या मुलाने मला आर्मबार (कोपर उलटं ताणायचा डाव) लावला, मी त्याच्या मांडीवर दोनदा थापटलं म्हणजे टॅप केलं (हरलो, सोड अशी खूण) तरी त्याने कंबर वर उचललीच, कोपरात कट्‌कन आवाज आला आणि तीन आठवडे डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलत नव्हता. सर म्हणाले, होतं असं. नाही हो, होता कामा नये! ज्युदोवाले माएदा १९१४ साली ब्राझीलला गेले, त्यांच्याकडून ही विद्या तिथल्या ग्रेसी घराण्यात आली, आणि यात रोज जोर लावून लढता येतं ते टॅपवर भरवसा आहे म्हणूनच. आपल्या तालमीत वस्ताद जोड बघून लढत लावतात, तसं इथेही हवं. नवख्यांना आधी पोझिशनल स्पारिंगच (एका ठरावीक पकडीपासून सुरू करायची सरावाची लढत) द्या, हील हूक (टाच धरून पाय पिरगाळायचा डाव) तर अजिबात नको, त्यात दुखायच्या आधीच गुडघ्याचं लिगामेंट जातं. आणि पालकांनो, फी भरायच्या आधी तासभर मॅटशेजारी बसा, टॅप केल्यावर पोरं लगेच सोडतात का ते बघा.

– एक वाचक, पुणे