दरवाजे बंद करा, पण आधी गाड्या वाढवा

संपादक महोदय,

9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यातले काही जण गेले, तेव्हापासून माझा मुलगा सकाळी मुलुंडहून दादरला निघाला की तो पोचल्याचा मेसेज येईपर्यंत माझं कामात लक्ष नसतं. अपघातानंतर लगेच घोषणा झाली की साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवणार. चांगलंच आहे. पण दारात लटकतं कोण आणि का, हे कोणी विचारतं का? हौस म्हणून कोणी लटकत नाही हो, कल्याण-डोंबिवलीहूनच गाडी भरून येते, आत पाय ठेवायला जागा नसते, आणि लेटमार्क लागला तर पगार कापला जातो.

एसी लोकल 2017 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, तिचे दरवाजे बंद होतात, पण कमीत कमी तिकीट 35 रुपये आणि साध्या गाडीचं 5 रुपये, मग धुणीभांडी करणाऱ्या बाईने कुठली गाडी पकडायची? म्हणजे सुरक्षित प्रवास फक्त ज्याच्या खिशात पैसे त्यालाच का? साध्या गाडीला दरवाजे बसवाल तेव्हा बंद डब्यात हवा खेळती राहिली पाहिजे हेही बघा, मे महिन्यात त्या गर्दीत जीव गुदमरेल. निवडणुकीच्या सभेत लोकलवर बोलणाऱ्या सगळ्याच पक्षांना माझं सांगणं आहे, एकदा सकाळी साडेआठची फास्ट मुलुंडहून पकडा.

– एक आई, मुलुंड